राष्ट्रनायक कोणाला म्हणावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रनायक कोण, हा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन नावांच्या तुलनेवर येऊन थांबते आणि मग आवाज चढतात. नावांवर येण्याआधी निकषांवर बोलणे झाले, तर याच वादातून पुष्कळ शिकता येते, अशा खात्रीने ही उत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे मुद्दाम निरनिराळ्या देशांतली घेतली आहेत, कारण दुसऱ्याच्या घरातला पेच आपल्याला अधिक शांतपणे पाहता येतो.

हुतात्मा, वीर, महापुरुष आणि राष्ट्रनायक हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

नाहीत, आणि कितीतरी वाद या शब्दांची सरमिसळ झाल्यामुळेच होतात. हुतात्मा म्हणजे ज्याने प्राणांची आहुती दिली तो. तेथे मृत्यू कोणत्या कारणासाठी आला हे पाहिले जाते. वीर या शब्दात संकटाच्या क्षणी केलेला पराक्रम येतो. महापुरुष म्हणताना आपण कर्तृत्वाची उंची मोजतो, मग त्या कर्तृत्वाचा देशाशी थेट संबंध असो वा नसो. राष्ट्रनायक या शब्दात मात्र समाजाची बाजूही येते. ज्याच्या कामामुळे विखुरलेले लोक स्वतःला एक राष्ट्र म्हणून ओळखू लागले, किंवा त्या राष्ट्राने स्वतःकडून कोणत्या वर्तनाची अपेक्षा धरावी हे ज्याच्या आचरणातून ठरले, तो राष्ट्रनायक. त्यामुळे प्रत्येक हुतात्मा राष्ट्रनायक ठरतोच असे नाही, आणि वृद्धापकाळाने अंथरुणावर शांतपणे मरण आलेली व्यक्तीही राष्ट्रनायक असू शकते. 'राष्ट्रपुरुष' हा रूढ शब्द या लेखनात टाळला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

ही पदवी सरकार देते की लोक?

दोन्ही प्रकार आढळतात. जमैकाने १९६९ च्या कायद्याने राष्ट्रनायक हा सर्वोच्च सन्मान ठरवला आणि आजवर सात जणांना तो दिला. बार्बाडोसने १९९८ मध्ये दहा नावे जाहीर केली आणि २०२१ मध्ये, प्रजासत्ताक होण्याच्या मुहूर्तावर, गायिका रिहाना हिचे अकरावे नाव त्यांत जोडले. इंडोनेशियात २००९ चा कायदा असून तेथील यादी २०० च्या पुढे गेली आहे.

फिलिपिन्सचा मार्ग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. तेथे लेखक होसे रिसाल यांना सारा देश राष्ट्रनायक मानतो. त्यांच्या मृत्युदिनी, ३० डिसेंबरला, देशभर सुटी असते. तरीही त्यांना राष्ट्रनायक घोषित करणारा कायदा अस्तित्वात नाही. १९९३ मध्ये यासाठी एक समिती नेमली गेली, तिने १९९५ मध्ये नऊ नावांची शिफारस केली, आणि त्या शिफारशीवर पुढे काहीच झाले नाही. अधिकृत घोषणा केली तर नव्या मागण्यांचा आणि कडवट वादांचा पूर येईल, ही भीती त्यामागे होती. ती रास्त होती असे मला वाटते, कारण लोकमानसात जे नाव आपोआप रुजले आहे त्याला सरकारी शिक्क्याची गरज नसते, आणि जे रुजलेले नाही ते शिक्क्याने रुजत नाही.

भारतात राष्ट्रनायकांची अधिकृत यादी आहे का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ नुसार लष्करी किंवा शैक्षणिक मानचिन्हे वगळता राज्यसंस्थेला कोणताही किताब देता येत नाही. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, मात्र ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात स्पष्ट केले. १९९२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांना भारतरत्न जाहीर झाले तेव्हा 'मरणोत्तर' या एका शब्दावरून वाद पेटला आणि तो सन्मान प्रत्यक्षात दिला गेला नाही. त्यामुळे नेताजींचे लोकांच्या मनातील स्थान तसूभरही हलले नाही, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

मग निकष कोणते लावावेत?

मराठी वाचकांसाठी या प्रश्नाची सर्वांत कसदार मांडणी घरातच झालेली आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जे भाषण केले, त्यात थोर माणूस म्हणजे कोण, हाच प्रश्न त्यांनी हाती घेतला होता. निव्वळ नावाजलेला माणूस आणि थोर माणूस यांत त्यांनी फरक केला. थोर माणसामागे सामाजिक हेतूची प्रेरणा असली पाहिजे, आणि समाजावर कोरडा ओढण्याचे व त्यातील घाण काढण्याचे कामही त्याने केले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनीच राजकारणातील भक्ती आणि विभूतिपूजा हा अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेणारा मार्ग असल्याचा इशारा दिला. थोरवी मान्य करणे आणि देव्हारे माजवणे यांतील सीमारेषा एकाच विचारवंताने दोन्ही बाजूंनी आखून दिली आहे.

या पायावर मी स्वतः तीन गोष्टी तपासतो. त्या व्यक्तीने नेमके काय केले, आणि त्याचा कागदोपत्री पुरावा काय आहे? त्यासाठी तिने स्वतःचे काय पणाला लावले? आणि त्या कामाची किंमत कोणी मोजली, तिने स्वतः की तिच्या हुकमतीखालच्या इतरांनी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची टाळाटाळ सर्वाधिक होते, म्हणून चर्चेत तो सर्वांत आधी विचारावा.

ज्या व्यक्तीच्या हातून गंभीर अन्याय घडला, तिला राष्ट्रनायक म्हणावे का?

सगळेच अन्याय एका मापाने मोजता येत नाहीत. येथे एक कसोटी उपयोगी पडते: ज्या कामासाठी गौरव होत आहे, तेच काम अन्यायाचे होते का?

थॉमस जेफरसन यांनी सर्व माणसे समान आहेत असे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिले आणि आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसांना गुलाम म्हणून बाळगले. ही विसंगती भयंकर आहे. तरीही त्यांचा गौरव होतो तो त्या वाक्यासाठी, आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी नेमके तेच वाक्य हाती धरले. रॉबर्ट ली यांची गोष्ट वेगळी आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या राज्यांचे सेनापतित्व केले म्हणूनच १८९० मध्ये रिचमंड शहरात त्यांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो उतरवण्यात आला. जेफरसन यांच्याबाबत गौरव ठेवून गुलामांची नोंद त्याच्याच शेजारी लिहिणे शक्य आहे. ली यांच्याबाबत गौरवाचे कारणच मान्य करता येत नाही.

ही कसोटी प्रत्येक प्रकरणात चोख उत्तर देईल असा दावा नाही. पण 'सगळ्यांचेच पाय मातीचे' असे म्हणून विषय संपवण्यापेक्षा ती बरी.

'ती व्यक्ती आपल्या काळाचे अपत्य होती, तिला आजची फूटपट्टी लावू नये' हा युक्तिवाद कितपत खरा आहे?

त्यात तथ्य आहे, परंतु तो वापरण्यापूर्वी त्या काळातील इतर लोक काय म्हणत होते हे पाहिले पाहिजे. बहुतेक वेळा असे दिसते की आज आपण जो आक्षेप घेतो, तोच तेव्हाही कोणीतरी घेतलेला होता.

ऑक्टोबर १८६५ मध्ये जमैकातील मोरंट बे येथे गरीब कृष्णवर्णीयांचा उठाव झाला. ब्रिटिश गव्हर्नर आयर यांनी लष्करी कायदा पुकारून तो चिरडला आणि ४०० हून अधिक लोक मारले गेले. कायदेमंडळाचे सदस्य जॉर्ज विल्यम गॉर्डन हे तेव्हा किंग्स्टनमध्ये होते, जेथे लष्करी कायदा लागूच नव्हता. त्यांना तेथे अटक करून मोरंट बे येथे नेले गेले, तेथे लष्करी न्यायासनापुढे उभे केले गेले आणि फाशी दिली गेली. दुसऱ्याच दिवशी उठावाचे नेते पॉल बोगल यांनाही फासावर चढवले. या घटनेवरून खुद्द इंग्लंड दुभंगले. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या पुढाकाराने आयर यांच्यावर खटला भरण्याची मागणी झाली आणि चार्ल्स डार्विन त्या बाजूला होते. इतिहासकार थॉमस कार्लाइल आणि कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी आयर यांची पाठराखण केली. म्हणजे आयर यांना दोषी ठरवणारी फूटपट्टी आपण आज बनवलेली नाही, ती १८६६ मध्येच तयार होती.

कायद्याने गुन्हेगार ठरलेली व्यक्ती राष्ट्रनायक होऊ शकते का?

होऊ शकते, आणि पुष्कळदा झालेली आहे, कारण परक्या किंवा अन्यायी सत्तेचा कायदा मोडणे हेच अनेकांचे कार्य होते. वर उल्लेखिलेले गॉर्डन आणि बोगल आज जमैकाच्या सात राष्ट्रनायकांत आहेत आणि तेथील संसदेच्या इमारतीला गॉर्डन यांचे नाव आहे. त्यांच्यावरील जुन्या दोषसिद्धीचा डाग मात्र कागदावर तसाच होता. तो पुसण्यासाठी जमैकाच्या संसदेने २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. नेल्सन मंडेला यांचे नाव अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीतून २००८ मध्ये निघाले, तोवर ते दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्तही झाले होते.

एका देशाचा राष्ट्रनायक दुसऱ्या देशाच्या दृष्टीने खुनी असेल तर खरे कोणाचे?

२६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन रेल्वे स्थानकावर आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडल्या. इतो हे जपानचे पहिले पंतप्रधान, तेथील राज्यघटनेचे शिल्पकार. त्यांचे चित्र जपानच्या १,००० येनच्या नोटेवर अनेक वर्षे होते. परंतु कोरियाला जपानचे संरक्षित राज्य बनवल्यानंतर तेथे नेमलेले पहिले जपानी महानिवासी, म्हणजे जपानचे सर्वोच्च प्रतिनिधीही तेच होते. आन यांना २६ मार्च १९१० रोजी फाशी झाली. कोरियात ते राष्ट्रनायक आहेत. २०१४ मध्ये हार्बिन स्थानकात त्यांचे स्मारक उघडले, तेव्हा जपान सरकारच्या मुख्य प्रवक्त्यांनी त्यांचा उल्लेख दहशतवादी असा केला.

येथे थोडे जवळ जाऊन पाहिले तर काही वेगळेच हाती लागते. आन यांनी आपल्या साथीदारांसह शपथ घेताना डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक तोडले होते. तुरुंगातील अखेरच्या आठवड्यांत त्यांनी ब्रशने जी सुलेखने लिहिली, त्यांवर मुद्रेऐवजी त्याच हाताचा शाईचा ठसा आहे आणि त्या ठशात एक बोट आखूड दिसते. त्या दिवसांत ते पूर्व आशियातील शांततेवर एक निबंध लिहीत होते. तो अपुरा राहिला. यांपैकी एक सुलेखन त्यांनी पहाऱ्यावरील जपानी शिपायाला दिले. त्या शिपायाने ते जन्मभर जपले आणि मायदेशी परतल्यावर आन यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याचा नेम धरला. ते सुलेखन पुढे कोरियाला परत देण्यात आले.

दोन्ही देशांना मान्य होईल असा निवाडा या प्रकरणात नाही. त्या शिपायाने मात्र आपला देश न सोडता समोरच्या माणसाचे मोल ओळखले. राष्ट्रनायक हा त्या त्या राष्ट्रापुरताच असतो हे मान्य केले, तर दुसऱ्या राष्ट्राच्या नायकाविषयी बोलताना 'त्यांना तो का प्रिय आहे' एवढे समजून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

जनमत घेऊन राष्ट्रनायक ठरवणे हा लोकशाही मार्ग नाही का?

मतदानातून लोकप्रियता कळते. योग्यता कळतेच असे नाही. २००७ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीने देशातील सर्वश्रेष्ठ व्यक्ती निवडण्यासाठी कार्यक्रम केला आणि त्यात सुमारे ४१ टक्के मते मिळवून हुकूमशहा सालाझार पहिले आले. दुसरे आले ते आल्वारो कुन्याल, सालाझार यांच्या राजवटीत अनेक वर्षे तुरुंगात काढलेले कम्युनिस्ट नेते. तिसरे होते आरिस्तिदेस द सोसा मेंदेस.

सोसा मेंदेस हे १९४० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे पोर्तुगालचे वाणिज्यदूत होते. नाझी फौजांपासून जीव वाचवून पळणाऱ्या निर्वासितांना, विशेषतः ज्यूंना, सरसकट व्हिसा देऊ नयेत असा लिस्बनचा आदेश होता. त्यांनी तो मोडला आणि जून महिन्यात दिवसरात्र सह्या करून हजारो माणसांचा मार्ग मोकळा केला. सालाझार यांनी त्यांच्यावर कारवाई करून त्यांची कारकीर्द संपवली. १९५४ मध्ये ते विपन्नावस्थेत वारले. २०२१ मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय स्मृतिमंदिरात त्यांचे स्मारक झाले.

शिक्षा देणारा पहिला आणि शिक्षा भोगणारा तिसरा, अशी ही यादी पाहिली की मन विषण्ण होते. दूरध्वनीवरून मत नोंदवणारे प्रेक्षक हे साऱ्या समाजाचे प्रातिनिधिक चित्र नसते, शिवाय चालू सरकारवरचा रागही अशा मतदानात उतरतो, हे मान्य केले तरी निष्कर्ष बदलत नाही. जर्मनीत २००३ मध्ये असाच कार्यक्रम झाला तेव्हा हिटलर व इतर नाझींना उमेदवार यादीतून आधीच वगळले होते. मतदानाआधी निकष ठरवणे कसे असते, याचा तो नमुना म्हणता येईल.

जिवंतपणी हा मान द्यावा का? मृत्यूनंतर किती वर्षे थांबावे?

थांबावे, असे माझे ठाम मत आहे. पॅरिसच्या पाँतेओं या स्मृतिमंदिरात १७९१ मध्ये पहिला मान फ्रेंच राज्यक्रांतीतील नेते मिराबो यांना मिळाला. पुढल्याच वर्षी राजवाड्यातील एका गुप्त लोखंडी कपाटात कागद सापडले आणि मिराबो यांचे राजाशी छुपे संधान होते हे उघड झाले. १७९४ मध्ये त्यांचे अवशेष तेथून हलवले गेले. त्याच दिवशी आत आणलेले क्रांतिकारक पत्रकार मारा यांचे अवशेष पाच महिन्यांत बाहेर गेले. अखेर १७९५ मध्ये फ्रान्सने नियम केला की मृत्यूनंतर दहा वर्षे उलटल्याशिवाय हा मान कोणालाही देऊ नये. पहिल्या महायुद्धातील वेर्दांच्या लढाईचे विजयवीर, फ्रेंच सेनापती पेतँ यांनी १९४० नंतर नाझींशी हातमिळवणी केली, हे आठवले की आयुष्य पूर्ण होण्याआधी हिशेब मांडण्यातला धोका ध्यानात येतो.

ज्यांच्या अस्तित्वाचाच पक्का पुरावा नाही, अशा दंतकथेतील व्यक्तींचे काय?

स्वित्झर्लंडचा विल्यम टेल प्रत्यक्षात होऊन गेला याचा समकालीन पुरावा नाही. तरीही तो स्विस स्वातंत्र्यप्रेमाचे प्रतीक आहे. जमैकाची नॅनी मात्र अठराव्या शतकातील कागदपत्रांत डोकावते. गुलामगिरीतून निसटून डोंगरात राहणाऱ्या आणि ब्रिटिशांशी झुंजणाऱ्या 'मरून' नावाच्या समाजाची ती नेता होती. तिच्याविषयीची बहुतेक माहिती मौखिक परंपरेने आलेली आहे आणि ५०० डॉलरच्या नोटेवरचा तिचा चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला आहे. ज्यांना लिहिण्याची संधीच नाकारली गेली, त्यांच्याकडे लेखी पुरावे मागून त्यांचे नायक नाकारणे अन्यायाचे ठरेल. दंतकथेला दंतकथा म्हणून सांगावे, एवढीच अट असावी.

अशा याद्यांत स्त्रिया इतक्या कमी का?

युद्ध, सत्ता आणि सभागृहे यांची दारे स्त्रियांना बंद होती आणि निकष नेमके तेथूनच घेतले गेले. पाँतेओंच्या दर्शनी भागावर 'थोर पुरुषांप्रति कृतज्ञ मातृभूमी' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. तेथे स्वतःच्या कर्तृत्वावर स्थान मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे मारी क्युरी, आणि तेही १९९५ मध्ये. जमैकाच्या सातांत नॅनी एकटी आहे. 'राष्ट्रपुरुष' या शब्दाला माझी हरकत आहे ती यासाठीच. शब्दानेच निम्मा समाज वगळला की पुढची शोधाशोध आपोआप तोकडी पडते.

खेळाडू, कलावंत, शास्त्रज्ञ यांना राष्ट्रनायक म्हणावे का?

म्हणायला हरकत नाही, परंतु आवडता असणे हे कारण पुरेसे नाही. त्यांच्या कामाने समाजाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलली का, हे पाहावे.

एकदा दिलेला मान काढून घ्यावा का?

नवी माहिती पुढे आली तर घ्यावा. सरकार बदलले एवढ्यासाठी नव्हे. मात्र मान देतानाच सावध राहणे केव्हाही चांगले. १० नोव्हेंबर २०२५ रोजी इंडोनेशियाने ज्या दहा जणांना राष्ट्रनायक घोषित केले, त्यांत तीन दशके एकहाती सत्ता गाजवणारे सुहार्तो होते आणि मार्सिना ही कामगार तरुणीही होती. घड्याळाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मार्सिनाने वेतनवाढीसाठी संपात पुढाकार घेतला आणि मे १९९३ मध्ये, सुहार्तो यांच्याच राजवटीत, तिची हत्या झाली. अशी दोन नावे एकाच दिवशी एकाच यादीत घालून समतोल साधला जात नाही. मार्सिनाला मिळालेल्या न्यायाची धार मात्र बोथट होते.

अशा व्यक्तींवर चर्चा करणे हा त्यांचा अपमान नाही का?

'मरणान्तानि वैराणि' हे वचन आपल्याकडे वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण मृत्यूने वैर संपते, मूल्यमापन संपत नाही. ज्याच्याविषयी प्रश्नच विचारता येत नाही, त्याला आपण मखरात बसवलेले असते. मखरातल्या मूर्तीकडून आचरण शिकता येत नाही.

ही यादी कधी पूर्ण होते का?

ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया येथे राष्ट्रनायक आणि राष्ट्रनायिकांचा एक ग्रंथ ठेवलेला आहे. त्याची पाने पोलादाची आहेत आणि संसदेने कायदा केला की त्यांवर नवे नाव कोरले जाते. नोव्हेंबर १९१० मध्ये त्या देशाच्या नौदलात एका खलाशाला २५० फटक्यांची शिक्षा झाली, तेव्हा खलाशांनी युद्धनौका ताब्यात घेऊन चाबकाची शिक्षा बंद करण्याची मागणी केली. त्यांचा नेता होता जुआंव कांदिदु, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांचा मुलगा. त्याचे नाव या ग्रंथात कोरावे असा प्रस्ताव संसदेपुढे आला, आणि २०२४ मध्ये, उठावाला शंभराहून अधिक वर्षे उलटून गेल्यावरही, नौदलाच्या प्रमुखांनी त्याला लेखी विरोध केला.